ज्यूद्वेषाचे आकडे वाढतायत म्हणजे नक्की काय वाढतंय?

हाल्लेकर | ११ फेब्रुवारी, २३:४०

जर्मनीत हाल्ले नावाच्या गावात राहतो मी. लायपझिगहून ट्रेनने अर्धा तास, साले नदीच्या काठी (हो, नदीचं नाव खरंच साले आहे, हसून घ्या). इथे नवीन आलो तेव्हा ऑफिसातला एकजण गाव दाखवायला घेऊन गेला आणि एका भिंतीपाशी थांबला. आत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे म्हणाला. मला वाटलं जुनी इमारत दाखवतोय, तर तो दाराबद्दलच बोलत सुटला.

९ ऑक्टोबर २०१९. योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा वर्षातला सगळ्यात मोठा उपासाचा दिवस. आत पन्नासएक माणसं प्रार्थनेला बसलेली. बाहेर एक २७ वर्षांचा जर्मन पोरगा आला, घरी बनवलेल्या बंदुका, हेल्मेटला कॅमेरा, सगळं इंटरनेटवर लाइव्ह. दार लाकडी आणि आतून बंद. त्याने गोळ्या घातल्या, स्फोटकं टाकली, दार हललं नाही. आतली माणसं सिक्युरिटी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर हे सगळं बघत होती. मग चिडून त्याने रस्त्याने चाललेल्या एका बाईला मारलं आणि पुढे जाऊन एका कबाबच्या दुकानात जेवायला आलेल्या विशीतल्या पोराला. दोघंही ज्यू नव्हते. वर्षातला सगळ्यात मोठा सण आणि सिनेगॉगबाहेर एक पोलीस उभा नव्हता, यावरून नंतर इथे खूप गदारोळ झाला. ते दार आता स्मारक म्हणून आवारात ठेवलंय.

तर तेव्हापासून मी हे आकडे वाचत असतो आणि जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतो. जर्मनीचंच घ्या. २०२४ मध्ये पोलिसांच्या हिशोबात ज्यूद्वेषी गुन्हे ६,२३६ (आदल्या वर्षी ५,१६४). त्याच वर्षी रियास नावाची एक स्वतंत्र नोंदणी संस्था म्हणते ८,६२७ घटना. देश एक, वर्ष एक, आकडे दोन. कारण रियास गुन्हा नसलेल्या गोष्टीही धरते, म्हणजे ट्रॅममध्ये कुणी काहीतरी पुटपुटलं, शेजाऱ्याने टोमणा मारला, हे कायद्यात बसत नाही पण ज्याला ऐकावं लागलं त्याचा दिवस गेलाच ना. आणि पोलिसांच्या आकड्यात अजून एक गंमत, भिंतीवर स्वस्तिकवालं काही रंगवलेलं सापडलं आणि करणारा सापडला नाही की बरीच वर्षं ते आपोआप उजव्यांच्या खात्यात जायचं, यावरूनही इथे वाद झालेत.

मला विचारायचंय, तुम्ही राहता तिथे हे कोण मोजतं आणि तुम्हाला प्रत्यक्ष काय दिसतं? राजकारण टाळता येणार नाही हे माहितीये, फक्त एकमेकांच्या अंगावर येऊ नका.

बोलघेवडी | १२ फेब्रुवारी, ०७:१५

वाचतेय. दाराचं वाचून काटा आला अंगावर.

आडवातिडवा | १२ फेब्रुवारी, ०८:०२

लेख चांगला आहे पण हत्ती घरात आणि चर्चा शेपटीची असं झालंय. गाझात जे झालं त्याच्यावर जगभर लोक चिडले, मोर्चे काढले, आणि प्रत्येक मोर्चाला ज्यूद्वेष म्हणून मोजलं की आकडा फुगणारच. इस्रायल सरकारवर टीका केली की लगेच हा शिक्का मारायचा ही जुनी ट्रिक आहे.

मृण्मयी_एनजे | १२ फेब्रुवारी, ०९:३१ (आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजलेत)

आडवातिडवा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे पण अर्धंच. अमेरिकेत एडीएल ही ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणारी संस्था दरवर्षी आकडे काढते. २०२२ ला ३,६९७, २०२३ ला ८,८७३, २०२४ ला ९,३५४. आता ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला त्यानंतर त्यांनी मोजायची पद्धत बदलली, काही इस्रायलविरोधी मोर्चे आणि घोषणा पण धरायला लागले, त्यावरून इथे भरपूर टीका झाली, ज्यू लोकांकडून सुद्धा. पण त्यांनीच सांगितलंय की जुन्या पद्धतीने मोजलं तरी २०२३ चा आकडा आदल्या वर्षीच्या दुप्पट होतो. म्हणजे फुगा थोडा असेल, पण हवा सगळी त्यांनीच भरली असं नाही.

बरं एडीएल राहू दे. एफबीआय तर मोर्चे मोजत नाही, फक्त पोलिसांकडून आलेले हेट क्राइम मोजते आणि ते सुद्धा सगळी पोलीस खाती पाठवत नाहीत. तरी २०२४ मध्ये ज्यूंविरुद्ध १,९३८. धर्मावरून झालेल्या हेट क्राइममधले दोन तृतीयांशाहून जास्त एकट्या ज्यूंविरुद्ध, आणि लोकसंख्येत ते दोन टक्के. हे मला तरी पचायला जड गेलं.

आणि मारणारे कोण बघा. पिट्सबर्गला २०१८ च्या ऑक्टोबरात शनिवारच्या प्रार्थनेत ११ जण मारले, तो गोरा अतिउजवा होता आणि त्याचा राग काय, तर ज्यूंची एक संस्था निर्वासितांना मदत करते म्हणून. तेव्हा गाझाचा काही संबंध नव्हता. २०१९ च्या डिसेंबरात आमच्या जर्सी सिटीत कोशर (ज्यू धर्माच्या नियमांत बसणाऱ्या खाण्याच्या) किराणा दुकानावर हल्ला झाला, जर्नल स्क्वेअरला आपले लोक भाजी आणायला जातात तिथून फार लांब नाही, ते दोघं हल्लेखोर वेगळ्याच पंथाच्या विचारांचे, 'आम्हीच खरे ज्यू' मानणारे. मग २०२५ च्या मे मध्ये वॉशिंग्टनला ज्यू म्युझियमबाहेर इस्रायली वकिलातीतले दोघं मारले गेले, मारणारा पकडल्यावर पॅलेस्टाइनच्या घोषणा देत होता. तीन घटना, तीन दिशा. टार्गेट तेच.

हाल्लेकर | १२ फेब्रुवारी, १२:१०

मृण्मयी, धन्यवाद, हेच हवं होतं.

आडवातिडवा, टीका आणि द्वेष यातली रेघ कुठे ओढायची यावर तर तज्ज्ञांचंही एकमत नाहीये. ज्यूद्वेषाची २०१६ ची एक व्याख्या आहे, आयएचआरए या आंतरराष्ट्रीय संघटनेची, बरीच सरकारं तीच वापरतात. ती इस्रायलच्या बाबतीत फार ताणली जाते असं म्हणणाऱ्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये जेरुसलेम डिक्लरेशन नावाची दुसरी काढली. त्यामुळे तुमचा प्रश्न चुकीचा नाही. मी स्वतःपुरता एक साधा नियम लावतो, राग नेतान्याहूवर असेल तर तो नेतान्याहूपर्यंत जातो की बर्लिनमधल्या शाळेच्या पोरांपर्यंत?

लंडनचा_पाहुणा | १२ फेब्रुवारी, १४:४५

इकडे सीएसटी नावाची संस्था मोजते. ज्यू समाजाचीच आहे, शाळा आणि सिनेगॉगबाहेर व्हॉलंटियर पण तेच उभे करतात. २०२२ मध्ये १,६६२, २०२३ मध्ये ४,२९६, २०२४ मध्ये ३,५२८. कमी झालं असं वाटतं ना? पण २०२२ च्या दुपटीच्या वरच आहे. लाट ओसरते, पण पाणी पहिल्या पातळीला परत जात नाही, असा प्रकार आहे.

दुसरं एक. २०२३ ची वाढ ७ ऑक्टोबरलाच सुरू झाली, म्हणजे हमासने इस्रायलमध्ये माणसं मारली त्या दिवशी. इस्रायली रणगाडे गाझात शिरले ते महिनाअखेरीस. तोवर इथला सगळ्यात वाईट काळ येऊन सुद्धा गेला होता. म्हणजे 'गाझा बघून लोक चिडले' हे पुढच्या महिन्यांना लागू होईल, पहिल्या आठवड्याचं काय करायचं? ज्यू मेल्याची बातमी ऐकून ज्यूंना शिव्या घालायला निघालेले लोक होते ते.

आणि मँचेस्टर. २ ऑक्टोबर २०२५, परत योम किप्पूर. हीटन पार्कच्या सिनेगॉगबाहेर माणसाने गाडी घातली आणि सुरा घेऊन उतरला. आतल्या लोकांनी दार आतून दाबून धरलं. पोलीस काही मिनिटांत आले, त्यांनी त्याला गोळ्या घातल्या, पण दार दाबून धरलेल्यांपैकी एकाला पोलिसांचीच गोळी लागली आणि तो गेला. एकूण दोघं गेले. हाल्लेकर, तुमचं दार वाचून हेच आठवलं म्हणून लॉगिन केलं, एरवी मी वाचनमात्र असतो.

खवचट_काका | १२ फेब्रुवारी, १६:२०

एवढं लांबण लावायची गरज नाही. मँचेस्टरवाला कोण होता ते लिहा की स्पष्ट. युरोपात हे सगळं एकच समाज करतोय, बाकी उजवे वगैरे बोलायच्या गोष्टी.

हाल्लेकर | १२ फेब्रुवारी, १९:५५

काका, लिहितो स्पष्ट. मँचेस्टरवाला सीरियन वंशाचा ब्रिटिश होता, आयसिसला मानणारा. फ्रान्समध्ये तर गेल्या वीस वर्षांतले सगळ्यात मोठे खुनी हल्ले जिहादी विचारांच्या लोकांनीच केलेत. २०१२ ला तुलूझच्या ज्यू शाळेत तीन लहान मुलं आणि एक शिक्षक, २०१५ ला पॅरिसच्या कोशर सुपरमार्केटमध्ये चौघं. हे लपवणारा मी कोण. पण त्याच सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांना तळघरातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये लपवणारा कामगार लासाना बाथिली मालीहून आलेला मुसलमान होता, फ्रान्सने त्याला नंतर नागरिकत्व दिलं. ते पण लिहितो.

आणि माझ्या गावातला? जर्मन, गोरा, उजवा. व्हिडिओच्या सुरुवातीलाच त्याने होलोकॉस्ट (हिटलरच्या काळातला ज्यूंचा संहार) झालाच नाही म्हणून सांगितलं, मग स्त्रीवाद, मग स्थलांतरित, आणि या सगळ्याच्या मुळाशी ज्यू. म्हणून तर सिनेगॉगचं दार उघडेना तेव्हा तो कबाबच्या दुकानात गेला. त्याच्या डोक्यात दोन्ही पत्ते एकाच पाकिटात होते. जर्मन पोलिसांच्या २०२४ च्या आकड्यात जवळपास निम्मे गुन्हे उजव्यांचे, साधारण तीस टक्के परदेशी विचारसरणी म्हणून नोंदवलेले. आपल्याला जो समाज आधीपासून आवडत नाही त्याचाच आकडा तेवढा उचलायचा हे काकांनीच केलंय असं नाही, आडवातिडवांनी पण उलट्या बाजूने तेच केलं. (दोघं मिळून माझ्यावर येणार आता.)

आडवातिडवा | १२ फेब्रुवारी, २०:१०

मी येणार नाही. लंडनवाल्यांचा पहिल्या आठवड्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. बाकी माझं गाझाबद्दलचं मत तेच आहे.

सिडनीतला_सदू | १३ फेब्रुवारी, ०४:२२

कोण करतंय या प्रश्नाला आमच्याकडे जे वळण लागलं ते कुठल्या वेबसिरीजवाल्याला पण सुचलं नसतं, जरा मोठं लिहितो.

आधी आकडे. इथली ज्यू संघटना ऑक्टोबर ते सप्टेंबर असं वर्ष धरते. २०२२-२३ मध्ये ४९५ घटना, २०२३-२४ मध्ये २,०६२. मग ६ डिसेंबर २०२४ ला पहाटे मेलबर्नमधलं अडास इस्रायल सिनेगॉग जाळलं. त्यानंतर दोन महिने सिडनीच्या पूर्व भागात रोज काहीतरी, गाड्या जाळ, भिंती रंगव, एका पाळणाघराला आग. जानेवारीत ड्युरल नावाच्या भागात स्फोटकं भरलेला कॅरॅव्हॅन सापडला आणि आत ज्यू ठिकाणांची यादी. लोकांची झोप उडाली. आणि मार्चमध्ये पोलीस काय सांगतात, तर कॅरॅव्हॅनचा कट बनावट होता! संघटित गुन्हेगारांनी रचलेलं नाटक, आपणच पोलिसांना टीप द्यायची आणि त्या बदल्यात आपला फायदा करून घ्यायचा. रंगवारंगवी करताना पकडलेली पोरं बरीचशी भाड्याची, त्यांना ज्यू कोण हे पण धड माहीत नसेल, पैसे मिळाले म्हणून रंगाचा डबा घेऊन गेले.

म्हटलं चला, म्हणजे द्वेष वगैरे नव्हताच. तर ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की अडास इस्रायल आणि बाँडायमधलं एक कोशर रेस्टॉरंट जाळण्यामागे रिव्होल्युशनरी गार्ड्स ही इराणच्या लष्कराची शाखा होती, मधे दलाल ठेवून. इराणच्या राजदूताला देशाबाहेर काढलं, दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने पहिल्यांदा कुठल्या राजदूताला असं हाकललं. म्हणजे आग लावणाऱ्याला द्वेष नाही, पैसे देणाऱ्याला आहे. हे कुठल्या रकान्यात मोजायचं सांगा.

आणि मग १४ डिसेंबर २०२५. बाँडाय बीचवर हनुका या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचा पहिला दिवस, पोराबाळांचा कार्यक्रम. बाप आणि मुलगा बंदुका घेऊन आले, १५ माणसं मारली. मी त्या रविवारी तिथून दहा किलोमीटरवर एका मित्राकडे होतो, फोनवर फोन. दोन दिवसांनी कळलं की बाप मूळचा हैदराबादचा. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये मी आपण होऊन कुणाशी त्या विषयावर बोललो नाही, खोटं कशाला सांगू. आणि त्यातल्या एकाच्या हातातून बंदूक हिसकावून घेणारा, रिकाम्या हाताने पुढे झालेला माणूस फळांच्या दुकानाचा मालक, अहमद अल अहमद, जन्म सीरियातला. काका, मँचेस्टरवाला पण सीरियन वंशाचाच होता ना?

खवचट_काका | १३ फेब्रुवारी, ०९:००

ठीक आहे. वाचलं.

बोलघेवडी | १३ फेब्रुवारी, १०:३८

काका 'ठीक आहे' म्हणाले, हा धागा जतन करून ठेवा कुणीतरी.

मला एक कळत नाही, लोक तक्रार तरी करतात का? नाहीतर सगळेच आकडे कमीच असणार.

हाल्लेकर | १३ फेब्रुवारी, १३:०५

बोलघेवडी, त्यासाठी युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्कांच्या संस्थेचा सर्व्हे बघा. १३ देशांतल्या जवळपास ८,००० ज्यूंना विचारलं. त्यातले ७६ टक्के म्हणाले की आम्ही ज्यू आहोत हे कधी ना कधी लपवतो. ३४ टक्के म्हणाले ज्यू कार्यक्रमांना, ठिकाणांना जायचं टाळतो, सुरक्षित वाटत नाही म्हणून. आणि हे उत्तरं देणं झालं २०२३ च्या जानेवारी ते जूनमध्ये. ऑक्टोबरच्या आधी!

मला हे आकडे गुन्ह्यांच्या आकड्यांपेक्षा जास्त खरे वाटतात. ज्यू पुरुष घालतात ती छोटी टोपी खिशात घालून फिरणाऱ्याला कुणी मारत नाही, म्हणजे त्या दिवशी त्या रस्त्यावर शून्य घटना.

शनवारतेलीण | १३ फेब्रुवारी, २१:४८

तीन दिवस वाचत होते, लिहू की नको करत. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ठाण्याची. आयडीचा अर्थ विचारणाऱ्यांसाठी, कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं तुमच्यासारखीच गावावरून, रोहेकर, पेणकर, चेऊलकर. जहाज फुटून नवगावला लागलेल्या सात जोडप्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच.

आता कुणीतरी लिहिणारच की भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही, म्हणून मीच लिहिते. खरंच झाला नाही. माझी आत्या साठच्या दशकात इस्रायलला गेली ती पळून नाही गेली, सगळे जात होते म्हणून गेली. उलट तिथे गेल्यावर रब्बी लोकांनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आमच्या लग्नांवर शंका काढली, तुम्ही पुरेसे ज्यू आहात का म्हणून, आणि आमच्या लोकांना जेरुसलेममध्ये धरणं धरून बसावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये त्यांच्या संसदेने सांगितलं की हे बरोबरीचे. आत्या अजून हसते, कोकणात कुणी पुरावा मागितला नाही म्हणते.

पण नरिमन हाउस मुंबईतच झालं. २६/११ ला कुलाब्याच्या त्या गल्लीत सहा ज्यू मारले, रब्बी होल्त्झबर्ग आणि त्यांची बायको रिव्का त्यात होते, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, त्याच्या आयाने, सँड्रा सॅम्युएलने, उचलून बाहेर आणलं. ते चबाड या ज्यूंच्या कर्मठ पंथाचे लोक होते, बाहेरून आलेले, आमच्यातल्या कित्येकांना ती इमारत नक्की कुठे आहे हे पण माहीत नव्हतं. ज्यांना मारायचं होतं त्यांना मात्र नकाशासकट माहीत होतं. त्यानंतर आमच्या सिनेगॉगबाहेर पोलीस आले ते अजून आहेत. माझ्या आजोबांनी आयुष्यात कधी प्रार्थनेला जाताना ओळखपत्र नेलं नव्हतं.

आणि एक किरकोळ गोष्ट. २००६ ला खारघरमध्ये हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, आठवतंय? आमच्या लोकांनी जाऊन समजावलं, मालकाने नाव बदललं. द्वेष नव्हता त्याच्या मनात, नुसतं अज्ञान. कॉलेजला माझ्या बाजूला बसणारी मैत्रीण 'देशाला एक हिटलरच पाहिजे' म्हणायची, माझ्या डब्यातली पोळी खात. तिला मी ज्यू आहे हे माहीत होतं. तिच्या डोक्यात त्या दोन गोष्टी कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत. मी पण भेटवल्या नाहीत, लास्ट इयर होतं, म्हटलं जाऊ दे. हाल्लेकरांचा ७६ टक्क्यांचा आकडा वाचल्यापासून तेच डोक्यात आहे. आपणही टोपी खिशातच घातली होती की काय.

मृण्मयी_एनजे | १३ फेब्रुवारी, २२:३०

ताई, फार बरं केलंत लिहिलंत ते. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे फुटपाथवर मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी असतं हे इथे कलिगला सांगितलं तर त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

आडवातिडवा | १३ फेब्रुवारी, २३:१५

'देशाला हिटलर पाहिजे' हे मी पण म्हटलंय कधीतरी, लोकल लेट असताना. सॉरी म्हणायला हा धागा योग्य आहे का माहीत नाही.

शनवारतेलीण | १४ फेब्रुवारी, ०८:५०

अहो लोकल लेट असताना मी पण बरंच काही म्हटलंय.

बोलघेवडी | १४ फेब्रुवारी, ११:०२

अवांतर : पुढच्या महिन्यात अलिबागला जातोय, तिथल्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग बघायचं मनात आहे. बाहेरच्यांना आत सोडतात का?

शनवारतेलीण | १४ फेब्रुवारी, ११:४०

सोडतात, पण आधी फोन करून विचारा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा, उगाच दारात अडायला नको. डोकं झाकायला रुमाल न्या. आणि शनवारी जाऊ नका, शनवारी घाणा बंद :)